खोली, घर की भत्ता? दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतला निवास आणि एचआयव्ही

दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या किंवा प्लॅटिनमच्या खाणीत कामगारांच्या निवासासाठी ठेवलेला पैसा कुठे घालायचा, हे ठरवायला माणसे बसतात तेव्हा त्यांच्यासमोर बहुधा चार प्रस्ताव असतात. जुने हॉस्टेल दुरुस्त करून एका खोलीत एकच माणूस ठेवायचा. हॉस्टेलचे रूप पालटून कुटुंबासाठी भाड्याची घरे करायची. घरांच्या भानगडीत न पडता कामगाराच्या हातात दरमहा भत्ता द्यायचा. किंवा त्याला कर्ज मिळवून देऊन स्वतःच्या मालकीचे घर घ्यायला लावायचे.

हा आढावा त्या बैठकीत आरोग्याच्या बाजूने बसणाऱ्यासाठी आहे. तुम्ही संघटनेचे आरोग्य प्रतिनिधी असाल, एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते असाल, निधी देणारे असाल किंवा हा विषय शिकणारे विद्यार्थी. चारही प्रस्तावांना इथे एकच प्रश्न विचारला आहे: याने एचआयव्हीची लागण कमी होईल का, आणि कोणाची? प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग सहसा कोणी विचारत नाही. सगळा घोळ तिथेच होतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. नुसता भत्ता हा चौघांत सर्वांत वाईट पर्याय आहे. जिथे खाणीचे आयुष्य अजून बरेच उरले आहे आणि बायकोला खरोखर तिथे यायचे आहे, तिथे कुटुंबाचे घर सर्वांत चांगले. बाकी ठिकाणी स्वतंत्र खोली आणि वारंवार, भरपगारी घरी जाण्याची सोय, हा पर्याय दिसायला गरीब वाटला तरी प्रामाणिक आहे. आणि यांतला कोणताही पर्याय घेतला तरी औषधोपचार आणि खाणीच्या कुंपणाबाहेरच्या स्त्रियांसाठी दवाखाना त्याच्या आधी सुरू झाला पाहिजे.

हॉस्टेल: जुनी सवय, नवी खोली

किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत १८८० च्या दशकात बंदिस्त कंपाउंड उभी राहिली. हिरे चोरीला जाऊ नयेत म्हणून करार संपेपर्यंत कामगाराला आवाराबाहेर सोडत नसत. १८८६ मध्ये विटवॉटर्सरँडला सोने सापडले आणि तीच पद्धत, जरा सैल होऊन, सोन्याच्या खाणींनी उचलली. लेसोथो, मोझांबिक, मलावी, ट्रान्सकाय (आजच्या पूर्व केपचा भाग) इथून तरुण पुरुष आणायचे, एकेका खोलीत दहा-वीस जण झोपवायचे आणि करार संपला की परत पाठवायचे. बायकामुले गावी राहिली की मजुरी एका माणसाच्या पोटापुरती दिली तरी भागते, उरलेला भार गावची शेती उचलते, असा तो हिशेब होता. १९५० च्या दशकात वर्णभेदी सरकारने त्यावर शिक्का मारला: सोन्याच्या खाणीवरच्या कृष्णवर्णीय कामगारांपैकी फार तर ३ टक्क्यांना कुटुंबासह राहता येईल. माणसांना शहरात येण्यापासून रोखणारे पासचे कायदे १९८६ मध्ये गेले, तोवर एचआयव्ही येऊन पोचला होता.

त्याच वर्षी खाणमालकांच्या संघटनेने कामगारांचे रक्त तपासले. मलावीहून आलेल्यांत लागण इतरांपेक्षा जास्त दिसली. पुढच्या काही वर्षांत मलावीची भरती थांबली आणि हजारो माणसे मायदेशी गेली. हॉस्टेल मात्र जागच्या जागी राहिले. मग १९९८ मध्ये कार्लटनव्हिल या सोन्याच्या पट्ट्यात मोठी पाहणी झाली, तेव्हा खाणकामगारांपैकी पाचांत एकाहून जास्त जणांना आणि हॉस्टेलांच्या आसपास देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी दहांत सुमारे सात जणींना लागण झालेली आढळली. ज्यांना दोष देऊन घरी पाठवले ते जाऊन दहा वर्षे होत आली होती. माणसे बदलून आजार थांबला नाही, कारण एकट्या पुरुषांची वस्ती, हातातला पगार आणि फाटकाबाहेरचा गुत्ता ही रचना तशीच होती.

नुसत्या प्रबोधनाने हे का सुटले नाही, ते समजायला खाणीत उतरावे लागते. कार्लटनव्हिलजवळची म्पोनेंग ही खाण जवळपास ४ किलोमीटर खोल आहे. तळाशी खडकाचे तापमान ६० अंशांच्या वर असते. दरड कधी कोसळेल याचा नेम नसलेल्या जागी रोज आठ तास काढणाऱ्या माणसाला ‘दहा वर्षांनी आजारी पडशील’ ही भीती किती लागणार? १९९० च्या दशकात समाजमानसशास्त्रज्ञ कॅथरीन कॅम्पबेल यांनी या कामगारांशी सविस्तर बोलून हेच नोंदवले. खाली उतरायची हिंमत ज्या मर्दानगीतून येते, तिच्यातूनच वर आल्यावर निरोध न वापरण्याची बेफिकिरी येते. एकटेपण आणि स्पर्शाची भूक ही तर वेगळीच. निरोधाच्या पाकिटाने ती भागत नाही.

आता नवी खोली. २०१० च्या सुधारित खाण सनदेने (सरकारच्या खाण कंपन्यांसाठीच्या नियमावलीने) कंपन्यांना २०१४ पर्यंतची मुदत दिली: एका खोलीत एक माणूस, आणि हॉस्टेलांचे कुटुंबघरांत रूपांतर. पैकी पहिला भाग कंपन्यांना झेपणारा होता. त्याचा सर्वांत मोठा फायदा क्षयरोगात आहे. सोन्याच्या खाणीत दगडाची सिलिकायुक्त धूळ फुप्फुसे पोखरते. त्यावर एचआयव्ही आला की क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि दाटीच्या खोलीत तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. गर्दी कमी करणे हा इथे औषधाइतकाच खरा उपाय आहे.

एचआयव्हीच्या बाबतीत स्वतंत्र खोलीचा उपयोग आडवळणाने होतो. सोळा जणांच्या खोलीत कोणाला न दिसता रोज गोळी घेता येत नाही. स्वतःचे दार आणि स्वतःचे कुलूप असलेले कपाट मिळाले की उपचार टिकण्याची शक्यता वाढते. हॉस्टेलपासून खाणीचा दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असतो, तेही मोलाचे. पण ती खोली बायकोपासूनचे अंतर एका किलोमीटरनेही कमी करत नाही. प्लॅटिनमच्या पट्ट्यातल्या मारिकानाच्या खाणींत काम करणारे कितीतरी जण पूर्व केपमधल्या पोंडोलँडचे. घर हजार किलोमीटरच्या आसपास, आणि घरी जाणे नाताळ आणि ईस्टरला. अशा माणसाला खोलीला रंग देऊन फार काही दिल्यासारखे होत नाही.

कुटुंबाचे घर: कशावर भरवसा ठेवावा, कशावर नाही

कुटुंबघराच्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे. नवरा-बायको एकत्र राहिले की बाहेरचे संबंध कमी होतील. हा युक्तिवाद बऱ्याच अंशी खरा आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती मांडणीनेही कुटुंबघरांमुळे खाण वस्त्यांतला लागणीचा वार्षिक धोका घटू शकतो असा निष्कर्ष काढला. लेसोथो आणि स्वाझीलँड (आजचे एस्वातिनी) इथल्या आकडेवारीवरून झालेल्या एका अभ्यासात ३० ते ४४ वयाच्या स्थलांतरित खाणकामगारांत लागण असण्याची शक्यता इतर पुरुषांपेक्षा १५ टक्के बिंदूंनी जास्त आढळली, तर ज्या स्त्रियांचा जोडीदार खाणीत आहे त्यांच्यात ८ बिंदूंनी. ताटातुटीची किंमत किती, याचे इतके स्पष्ट मोजमाप क्वचितच मिळते.

पण या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे: नवरा खाणीवरून आजार घेऊन येतो आणि बायकोला देतो. २००३ मध्ये मार्क लुरी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्वाझुलू-नाताळमधल्या ह्लाबिसा आणि नोंगोमा या भागांतली जोडपी त्यांनी तपासली. नवरे कार्लटनव्हिलच्या खाणींत किंवा रिचर्ड्स बेला कामाला. स्थलांतरितांच्या घरांत दोघांपैकी निदान एकाला लागण असण्याचे प्रमाण ३५ टक्के होते, तर नवरा गावातच असलेल्या घरांत १९ टक्के. इथपर्यंत अपेक्षित. पण ज्या जोडप्यांत एकालाच लागण होती, त्यांतल्या दहांपैकी जवळपास तीन जोडप्यांत ती बायकोला होती, नवऱ्याला नव्हे.

हे वाचून काही जण गावाकडच्या बायकांवर बोट ठेवतात. तसे करणे अन्यायाचे आहे. वर्षाचे अकरा महिने एकटीने घर चालवणाऱ्या, मनीऑर्डर यायला उशीर झाला की उधारीवर जगणाऱ्या बाईच्या आयुष्यात काय काय घडू शकते, हे त्या आकड्यामागे आहे. धोरण ठरवणाऱ्यासाठी त्याचा अर्थ असा: ताटातुटीने धोका दोन्ही टोकांना निर्माण केला आहे, आणि घर बांधून जोडपे एकत्र आणले की त्या दोघांपैकी एकाला आधीच लागण असू शकते. उपचार नसतील तर एकत्र राहण्याने दुसऱ्याला लागण व्हायला वाव मिळतो. घराने बाहेरचा धोका घटवायचा आणि आतला वाढवायचा, असे होऊ शकते.

२०११ मध्ये एचपीटीएन ०५२ या जोडप्यांवरच्या औषध-अभ्यासाचे निकाल आले. लागण झालेल्या जोडीदाराला लवकर औषधे सुरू केली तर दुसऱ्याला त्याच्याकडून लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटले. पुढच्या अभ्यासांनी दाखवले की रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका दबला असेल तर लैंगिक संबंधांतून तो पसरत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. घराची चावी देण्याच्या सुमारास दोघांना एकत्र, स्वेच्छेने तपासणी करून घेता येईल अशी सोय हवी आणि गरज असल्यास औषध त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवे. दक्षिण आफ्रिकेत २०१६ पासून लागण झालेल्या प्रत्येकाला, रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशींची संख्या किती आहे हे न पाहता, उपचार देण्याचे धोरण आहे, त्यामुळे औषधाची अडचण नाही. पण चावी तपासणीवर अवलंबून ठेवू नका. १९९८ च्या रोजगार समानता कायद्याने कामगार न्यायालयाच्या परवानगीशिवाय कामगाराची एचआयव्ही तपासणी करायला मनाई आहे, आणि मलावीच्या माणसांचे काय झाले हे खाणीवरचे लोक विसरलेले नाहीत. सक्तीचा वास आला की तपासणीला कोणी येणार नाही.

एक साधी गोष्ट राहते. बायकोला यायचे आहे का? गावी जमीन आहे, गुरे आहेत, सासू आहे, मुलांची शाळा आहे, पूर्वजांच्या थडग्यांजवळचे घर आहे. पुष्कळ कामगारांच्या लेखी खाण ही कमाईची जागा आणि गाव हेच घर. अशा घरांना ‘कुटुंब एकत्र आणतो’ म्हणून छोटी दोन खोल्यांची जागा देऊ केली तर ती रिकामी राहते किंवा तिथे पोटभाडेकरू येतो. आधी विचारून घ्या, आणि विचारताना नवऱ्यालाच विचारून थांबू नका.

भत्ता: कंपनीची सुटका, कामगाराची कोंडी

बाहेर राहण्याचा भत्ता ही मागणी मुळात कामगारांचीच होती. हॉस्टेलच्या शिस्तीतून, वंशावार वाटलेल्या खोल्यांतून आणि कंपनीच्या नजरेतून सुटका हवी होती. ती रास्त होती. म्हणूनच या पर्यायावर टीका करताना सावध राहावे लागते: माणसांनी स्वातंत्र्य मागितले होते, आणि झोपडी हा त्या मागणीचा दोष नव्हे.

पण पुढे झाले काय ते पाहा. प्लॅटिनमच्या पट्ट्यात २०१२ च्या सुमारास भत्ता महिन्याला २००० रँडच्या आत-बाहेर होता. त्यात त्या पट्ट्यातल्या रुस्टेनबर्ग शहराजवळ नीट घर मिळत नाही. कामगाराने तो पगाराचाच भाग मानला, स्वस्तात स्वस्त पत्र्याची खोली घेतली आणि उरलेले गावी पाठवले. नकानेंगसारख्या वस्त्या अशाच वाढल्या. नळ लांब, रस्त्यावर दिवा नाही, शौचालय म्हणजे खड्डा. मानव विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहण्यांत, २००५ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये, सर्वांत जास्त लागण शहरी अनौपचारिक वस्त्यांत आढळली. म्हणजे ज्या प्रकारच्या जागेत धोका सर्वांत जास्त, तिथेच भत्त्याने माणसे पोचवली.

या वस्त्यांत एकटे पुरुषच राहतात असे नाही. काम शोधत आलेल्या, गावी काही न उरलेल्या स्त्रिया तिथे येतात. पगार असलेल्या पुरुषाशी नाते जुळते, कधी ते वर्षानुवर्षे टिकते, मुले होतात. दोन चुली एका पगारावर चालू लागतात. अशा नात्यात निरोधाचा आग्रह धरणे बाईला अवघड, कारण भाकरीही त्याच हातातून येते. हॉस्टेलच्या फाटकाबाहेर एका रात्रीपुरते जे होते, ते इथे घराच्या रूपात येते. त्याला ‘बेजबाबदार वर्तन’ म्हणणे म्हणजे भत्ता ठरवणाऱ्यांनी स्वतःची जबाबदारी झटकणे आहे.

मारिकानात प्लॅटिनम काढणाऱ्या लोनमिन कंपनीचे उदाहरण इथे टाळता येत नाही. २००६ च्या सामाजिक व श्रम आराखड्यात तिने ५,५०० घरे बांधण्याचे वचन दिले होते. १६ ऑगस्ट २०१२ रोजी मारिकानात पोलिसांच्या गोळीबारात ३४ खाणकामगार मारले गेले. त्याची चौकशी करणाऱ्या फार्लम आयोगासमोर जे उघड झाले ते असे: त्या ५,५०० पैकी ३ घरे झाली होती. तीही नमुन्याची. हॉस्टेलांचे रूपांतर झाले, त्यात पूर्वी राहणाऱ्यांपैकी पुष्कळांना जागा उरली नाही, आणि ती माणसे भत्ता घेऊन पत्र्यांच्या वस्तीत गेली. घरे कागदावर आणि भत्ता हातात असे असते तेव्हा तुमच्यासमोर चार पर्याय नसतात, एकच असतो.

भत्ता ठेवायचाच असेल तर त्याच्यासोबत सर्व्हिस केलेली जमीन हवी: पाणी, सांडपाणी, वीज, रस्ता आणि वस्तीत संध्याकाळी उघडा राहणारा दवाखाना. पाळी संपवून माणूस वर येतो तेव्हा दवाखाना बंद झालेला असेल, तर औषध असूनही नसल्यासारखे. २०१४ पासून सरकारने जुनाट आजारांची औषधे दवाखान्याबाहेरच्या ठरलेल्या केंद्रांवरून देण्याची योजना आणली आहे, तिचे केंद्र अशा वस्तीत आणायला फार पैसा लागत नाही. लागतो तो पाठपुरावा.

मालकीचे घर

कागदावर हा पर्याय सर्वांत प्रतिष्ठेचा. कुटुंब एकत्र, घर स्वतःचे, कंपनीच्या नोकरीवर छप्पर अवलंबून नाही. तरुण, शिकलेल्या, खाणीजवळच वाढलेल्या कामगारांना तो खरोखर हवा असतो आणि त्यांना तो मिळायला हवा.

अडचण खाणीच्या आयुष्याची आहे. कार्लटनव्हिलजवळची ब्लायवूरुइटझिक्ट ही खाण २०१३ मध्ये दिवाळखोरीत बंद पडली. खाणीच्या वसाहतीत राहणारी कुटुंबे तिथेच राहिली, आणि खाणीच्या जोरावर चालणारी पाणी, वीज, सांडपाण्याची व्यवस्था कोलमडली. ती घरे मालकीची नव्हती, पण ज्या गावात एकच नोकरी देणारा आहे तिथे मालकीनेही फार फरक पडत नाही. कर्ज वीस वर्षांचे आणि खाण आठ वर्षांची असेल, तर शेवटी कामगाराच्या गळ्यात विकता न येणारे घर उरते. शिवाय त्या पट्ट्यात जमिनीखाली डोलोमाइट, म्हणजे पाण्यात हळूहळू विरघळणारा खडक, आहे. खाणीसाठी पाणी उपसले की वर जमीन खचते. १९६२ मध्ये वेस्ट ड्रीफाँटेन खाणीवर अशाच खड्ड्याने २९ माणसे गिळली. खुत्सोंगसारख्या वस्तीचा मोठा भाग याच धोक्यावर बसला आहे. तिथे ‘घरे बांधा’ म्हणण्याआधी भूगर्भ अहवाल मागा.

एचआयव्हीच्या दृष्टीने याचे गुणदोष कुटुंबघरासारखेच, एक भर धरून: हप्ता जड झाला की घरातला एक भाग भाड्याने जातो, गावी पाठवायचे पैसे आटतात, आणि गावी दुसरी चूल असेल तर तिची आबाळ आधी होते.

शेजारच्या देशांतून

कुटुंबघर हाच रामबाण असता तर बोत्स्वानात आणि झांबियात ते दिसायला हवे होते. बोत्स्वानाच्या जवानेंग आणि ओरापा इथे देब्स्वाना कंपनीने हिऱ्यांच्या खाणींजवळ चांगली कुटुंबवसाहत उभारली. तरी १९९९ मध्ये कंपनीने केलेल्या पाहणीत सुमारे २९ टक्के कामगारांना लागण आढळली. झांबियाच्या ताम्रपट्ट्यात तर कामगाराला कुटुंबासह स्थिर करण्याचे धोरण कित्येक दशके जुने, आणि तिथेही साथ जोरात आली. आजूबाजूच्या समाजातच लागण पसरलेली असेल तर वसाहतीची भिंत ती अडवत नाही.

देब्स्वानाकडून शिकायचे ते त्या पुढचे. २००१ मध्ये तिने कामगाराला आणि त्याच्या एका विवाहित जोडीदाराला एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे, द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी अँग्लो अमेरिकन या खाण कंपनीने दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या कामगारांसाठी मोफत उपचार जाहीर केले, तेव्हा ते सुरुवातीला कामगारापुरते होते. हा फरक छोटा नाही. ज्या कंपनीने जोडप्याचा एकत्र विचार केला तिच्या घरांना प्रतिबंधाच्या दृष्टीने अर्थ आला. पण तिथेही ‘विवाहित’ हा शब्द होता, आणि लग्नाच्या कागदाबाहेरच्या स्त्रिया यादीबाहेर राहिल्या.

कुंपणाबाहेर

निवासाच्या प्रत्येक बैठकीत कामगार मोजले जातात. कार्लटनव्हिलच्या पाहणीतल्या दहांपैकी सात स्त्रिया कोणाच्याच आराखड्यात नसतात. कंपनीची भाडेकरू नाही, नगरपालिकेच्या लेखी बेकायदा, आणि १९५७ च्या कायद्यानुसार त्यांचा व्यवसायच गुन्हा. पोलिसाच्या भीतीने पर्समध्ये निरोध ठेवायला घाबरणारी बाई तुमच्या कोणत्याही घरात राहायला येणार नाही.

तरी इथेच सर्वांत कमी खर्चात, सर्वांत लवकर फरक पडला आहे. फ्री स्टेटमधल्या व्हर्जिनिया गावात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लेसेदी-लेचाबिले हा उपक्रम झाला. हार्मनी खाणीच्या परिसरातल्या स्त्रियांसाठी फिरता दवाखाना, दरमहा तपासणी आणि लक्षणांची वाट न पाहता गुप्तरोगांवर औषध. काही महिन्यांत त्या स्त्रियांमधले परमा आणि क्लॅमिडिया यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, आणि ज्यांना औषध दिलेच नव्हते त्या खाणकामगारांतही गुप्तरोग घटले. जखमा आणि सूज असली की एचआयव्हीला वाट सोपी होते, म्हणून हे महत्त्वाचे. आज याच दवाखान्यात एआरटी आणि लागण होण्याआधी घ्यायची प्रतिबंधक गोळी, म्हणजे प्रेप, देता येते. दक्षिण आफ्रिकेने २०१६ मध्ये प्रेपची सुरुवात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपासूनच केली. एका वसाहतीच्या पायाभरणीला लागतो तितका वेळही याला लागत नाही.

मग निवड कशी करावी

तीन कागद मागवा. खाणीचे उरलेले आयुष्य किती वर्षांचे, याचा तज्ज्ञांचा अंदाज. कामगार कुठून येतात आणि घरी किती वेळा जातात, याची यादी, त्यात कंत्राटी कामगार धरून. आणि वस्तीत आज किती लोक एआरटीवर आहेत व किती जणांचा विषाणू दबलेला आहे, याची नावे नसलेली बेरीज. यांतला दुसरा कागद मिळवताना सर्वांत त्रास होईल. कंत्राटी माणसे कंपनीच्या पटावर नसतात, त्यांना घर नाही, पुष्कळदा भत्ताही नाही. पण ती त्याच पाळीत खाली उतरतात आणि त्याच वस्तीत झोपतात. त्यांना सोडून केलेला कोणताही आराखडा अर्धाच.

खाण पंधरा-वीस वर्षे चालणार असेल आणि कामगारांची मोठी संख्या कुटुंब आणायला तयार असेल, तर कुटुंबासाठी भाड्याची घरे घ्या, आणि ती नगरपालिकेच्या गावाला जोडून बांधा, खाणीच्या फाटकाशी नको. भाड्याची यासाठी की खाण बंद झाली तर कामगार मोकळा राहतो. ज्यांना मालकी हवी त्यांना ती जुन्या, दुसरे रोजगार असलेल्या शहरात घेऊ द्या.

खाण पाच-सात वर्षांत संपणार असेल तर घरांच्या स्वप्नावर पैसा घालवू नका. स्वतंत्र खोल्या, जोडीदार येऊन आठवडाभर राहील अशा वेगळ्या खोल्या आणि कंपनीच्या खर्चाने बस. लेसोथोचा माणूस फ्री स्टेटच्या खाणीतून महिन्याला घरी जाऊ शकतो. मोझांबिकच्या गाझा किंवा इन्यांबानेचा माणूस तितक्या वेळा जाऊ शकणार नाही, त्याच्यासाठी पाळ्यांचा हिशेब बदलून लांब सलग सुट्टी द्यावी लागेल. जाताना तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत, आणि गावच्या दवाखान्यात चालेल असे पत्र. उपचार तुटतात ते बहुतेक याच प्रवासांत.

आज भत्ता चालू असेल तर तो एकदम बंद करू नका. त्यावर गावी मुले शिकत असतात. जमीन आणि पाणी आणा, मग माणसाला निवडू द्या.

घरांच्या वाटपाचा अर्ज लिहिताना एक रकाना तुमची परीक्षा घेईल: ‘पत्नीचे नाव’. पोंडोलँडमध्ये लग्नाची बायको आहे, आणि खाणीच्या वस्तीत सहा वर्षे सोबत राहणारी, दोन मुलांची आई आहे. घर पहिलीला दिले तर दुसरी मुलांसकट पत्र्याखालून रस्त्यावर येते. दुसरीला दिले तर गावच्या बाईचा पैसा थांबतो. निवासाचे नियम याला उत्तर देऊ शकणार नाहीत आणि तुम्हीही कोणाच्या संसाराचा न्याय करायला बसू नका. पण आरोग्याचे उत्तर स्पष्ट आहे: तपासणी, औषध आणि प्रेप या दोघींनाही, नवऱ्याच्या नोकरीशी न जोडता, आपापल्या नावाने मिळाले पाहिजे. घर एकीच्याच वाट्याला येणार असले, तरी दवाखान्याच्या वहीत दोन ओळी लिहिता येतात. त्या लिहिल्या जातील याची खात्री झाल्याशिवाय आराखड्यावर सही करू नका.